शाळेत "आपापल्या देशाचा झेंडा आणा" सांगितलं, लेकीने आयर्लंडचा नेला. काय सांगू तिला?

लिफीकाठी

नमस्कार मंडळी, मी इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज लिहायला बसले कारण चार दिवस झाले एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. आम्ही डब्लिनमधे आहोत १३ वर्षं, मूळचे दोघंही सांगलीकडचे. लेक इथेच जन्मली, आता ८ वर्षांची आहे, सेकंड क्लासला. मागच्या आठवड्यात तिच्या शाळेत कल्चर डे होता. बाईंनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या देशाचा झेंडा कागदावर रंगवून आणा आणि घरचा काहीतरी खाऊ आणा. मी शंकरपाळे केले. झेंडा तिने एकटीने बसून काढला, मी तळणात होते त्यामुळे बघितलाच नाही. सकाळी दप्तर भरताना बघते तर हिरवा, पांढरा, केशरी, उभे पट्टे. आयर्लंडचा. मी काही बोलले नाही, म्हटलं बरोबरच आहे की, इथे जन्मली, इथेच वाढतेय.

शाळेत बाई तिला म्हणाल्या, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या हां, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, की अगं हा नाही, तुझा कुठाय, इंडियाचा? बाकीच्या कितीतरी मुलांनी आयर्लंडचाच आणला होता, त्यांना कोणी काही विचारलं नाही. ही घरी आली, जेवली नाही, तो कागद डायनिंग टेबलवर ठेवला आणि आडवा फिरवला. फिरवला की केशरी वर येतो, हिरवा खाली जातो. मग पेन्सिलीने मधल्या पांढऱ्यात एक गोल काढला आणि मला म्हणाली, "आई, आता झाला का माझा?"

मला काही बोलताच येईना. जवळ घेतलं फक्त.

हे एकच असतं तर मी विसरले असते. पण शाळा कॅथलिक आहे (इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा तशाच आहेत) आणि सेकंड क्लासला अख्खा वर्ग फर्स्ट कम्युनियनच्या (चर्चमधे पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा कॅथलिक मुलांचा संस्कार) तयारीत असतो, ही आणि अजून तिघं मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसतात. सगळ्या मैत्रिणी पांढऱ्या फ्रॉकबद्दल बोलतात, त्यावरून रडून झालंय. इकडे सासरे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "आपण कोण?" विचारून "भारतीय" असं वदवून घेतात, ती म्हणते पण म्हणताना माझ्याकडे बघत असते. आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्टमधे इथे भारतीयांवर जे हल्ले झाले, दूतावासाने सावध राहायला सांगितलं, भारत दिनाचा कार्यक्रमसुद्धा पुढे ढकलला, तेव्हापासून मी बसमधे तिच्याशी मराठीत हळू आवाजात बोलायला लागले. मला स्वतःला कळलं नव्हतं, तिनेच विचारलं की आई तू बसमधे हळू का बोलतेस.

आता त्यात पासपोर्टचा विषय. तिच्याकडे आयरिश पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड) आहे. आम्हा दोघांचे अजून भारतीय. नवरा म्हणतो आपणही अर्ज करून टाकू, माझा हात होत नाही. ज्यांची मुलं बाहेर वाढली आहेत किंवा जे स्वतः बाहेर वाढले आहेत त्यांनी प्लीज सांगा, ती "मी कोण" विचारते तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?

---

मालवणी_माणूस

ताई, आमच्या मालवण तालुक्यातलं वराड गाव तुम्हाला माहीत असेलच, तिथल्या डॉक्टरांचा मुलगा तुमच्या डब्लिनमधे जन्मला आणि जून २०१७ मधे तुमच्याकडचा पंतप्रधान झाला, लिओ वराडकर. डिसेंबर २०१९ मधे तो घरच्या सगळ्यांना घेऊन गावात आला होता तेव्हा सगळा गाव रस्त्यावर होता. आमच्याकडे चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. म्हातारी माणसं सांगत होती ह्याच्या आजोबांचं घर हे, ही त्यांची वाट. पद सोडूनही आता बराच काळ झाला पण अजून इकडे "आपला वराडकर" असंच म्हणतात. तो पूर्ण तिकडचा, तरी आम्हाला तो आपला वाटतो, आणि ह्यात कोणाचं काही कमी झालं असं मला तरी वाटत नाही. तुमच्या लेकीला हे सांगा. तिच्या देशाचा टीशक (तिकडे पंतप्रधानाला तसंच म्हणतात ना) कोकणातल्या आडनावाचा होता.

---

कॉर्कचे_जोशी

मालवणी भाऊंचं बरोबर आहे पण वराडकरांची आई आयरिश, वॉटरफर्डकडची, आणि तो कॅथलिक वाढला. त्यामुळे त्याला मागच्या बाकावर बसावं लागलं नसणार. ज्या मुलांचे आई-बाप दोघंही बाहेरून आलेत त्यांचं वेगळं आहे, हे मान्य करूनच पुढे बोलू.

मी इथे २००३ पासून आहे. माझ्या मुलाचा जन्म २००४ मधला आणि मुलीचा २००७ मधला, आणि ह्या दोन जन्मांच्या मधे देशाचा कायदा बदलला, तो बदल मी घरात बसून बघितलाय. २००४ च्या अखेरपर्यंत आयर्लंडच्या मातीत जन्मला तो आयरिश, विषय संपला. जून २००४ मधे सार्वमत झालं, जवळजवळ ७९ टक्के लोकांनी नवीन नियमाच्या बाजूने मत दिलं, आणि १ जानेवारी २००५ पासून इथे जन्मलेल्या मुलाचे आई-बाप बाहेरचे असतील तर आधीच्या ४ वर्षांत त्यांच्यातल्या एकाचं तरी ३ वर्षं कायदेशीर वास्तव्य हवं, त्यात स्टुडंट व्हिसावरची वर्षं धरत नाहीत. म्हणजे एकाच हॉस्पिटलमधे जन्मलेली माझी दोन मुलं, मुलाला काही विचारलं नाही आणि मुलीच्या वेळी मी पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसलो होतो. आणि दुसरीकडे बॉस्टनमधे जन्मलेल्या मुलाची एक आजी आयर्लंडमधे जन्मलेली असेल तर नुसत्या नोंदणीवर तो आयरिश, त्याने हा देश डोळ्यांनी बघितलेला नसला तरी. मला त्या मुलाबद्दल राग नाही, दुष्काळात १८४५ नंतर इथून लाखो माणसं जहाजात बसून गेली आणि पुढेही पिढ्यानपिढ्या जात राहिली, त्यांची नातवंडं ती, त्यांना दार उघडं ठेवलं हे चांगलंच आहे. पण हा देश बाहेर गेलेल्या मुलांची आठवण इतकी जपतो तर आत जन्मलेल्या मुलीला "तुझा झेंडा कुठाय" विचारताना दोनदा थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि ह्या देशाचा इतिहासच बघा की. पुढे इथला पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झालेला डी व्हॅलेरा न्यूयॉर्कमधे जन्मलेला, बापाचं नाव स्पॅनिश. १९१६ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावातला जेम्स कॉनोली एडिनबरोमधे जन्मलेला, स्थलांतरित आयरिश आई-बापाचा मुलगा. हा जो झेंडा तुमच्या लेकीने काढला तो १८४८ मधे पहिल्यांदा वॉटरफर्डमधे फडकला, हिरवा एका समाजाचा, केशरी दुसऱ्याचा, मधला पांढरा दोघांच्या समेटाचा. वेगवेगळ्या लोकांनी एकत्र नांदावं म्हणून काढलेला झेंडा आहे तो. आणि २०२५ च्या ऑगस्टमधे त्याच वॉटरफर्डमधे सहा वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलीला घरासमोर खेळताना मारहाण झाली. ती बातमी वाचून मी रात्रभर जागा होतो, म्हणून तुमचं बसमधलं हळू बोलणं मला कळतं.

पासपोर्टचं: आयरिश नागरिकत्व घेतलंत की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं आपोआप जातं, पासपोर्ट सरेंडर करून सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआय. ओसीआयवर मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही पण वारशाने येऊ शकते, त्यामुळे सांगलीला शेती असेल तर घाबरू नका. मी २०११ मधे घेतलं. शपथ घेताना डोळ्यात पाणी आलं ते खरं आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी तोच होतो हेही खरं आहे.

---

सदाशिव_प

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या सख्ख्या भावाची दोन्ही मुलं न्यू जर्सीत वाढली. मोठा तिकडचाही नाही आणि इकडचाही नाही असा झालाय, इथे आला की चार दिवसांत कंटाळतो, तिथे त्याचे मित्र त्याला इंडियन म्हणतात. मुलगी ८ वर्षांची आहे, अजून वेळ आहे, परत या. दहावीनंतर आणलंत तर तिला जमणार नाही. आपल्या माणसांत मूल वाढलं तर हा प्रश्न पडतच नाही.

---

लिफीकाठी

सदाशिवदादा राग नाही, हा विचार आम्ही दोन वेळा केलाय, एकदा तर शाळासुद्धा बघून आलो. पण तिथे चार दिवसांत वर्गातल्या मुलांनी तिचं नाव "फॉरेनर" ठेवलं. तिच्यासाठी ते परत येणं नाहीये, ती तिथून कधी निघालीच नव्हती.

---

हॅरोचा_मुलगा

नमस्कार. मी लंडनमधे जन्मलोय, ३४ वर्षांचा आहे, मराठी घरात बोलतो पण लिहायची सवय नाही, हे बोलून टाईप करतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या. मला ह्या ताईंच्या मुलीच्या बाजूने बोलायचंय, आईबाबांच्या बाजूने नाही.

माझ्या जन्माच्या आधी १९९० मधे इथल्या नॉर्मन टेबिट नावाच्या राजकारण्याने म्हटलं होतं की आशियाई लोक क्रिकेटमधे कोणाला चिअर करतात ते बघा, म्हणजे कळेल ते कुठले. क्रिकेट टेस्ट म्हणतात त्याला. मग २००१ मधे नासिर हुसेन, तो इंग्लंडचा कॅप्टन होता आणि स्वतः मद्रासला जन्मलेला, तो म्हणाला की इथे जन्मलेली मुलं इंग्लंडला सपोर्ट का करत नाहीत हे मला समजत नाही. शाळेत आम्हाला हे विचारायचे. आणि घरी त्याच्या उलटी टेस्ट होती.

मार्च २००६ मधे नागपूरला भारत-इंग्लंड मॅच होती. माझ्या आईचं माहेर नागपूर, त्यामुळे आमच्याकडे तर सणच. पहाटे, शाळेत जायच्या आधी, मी आणि बाबा ब्लँकेट घेऊन सोफ्यावर. इंग्लंडकडून माँटी पनेसर पहिली टेस्ट खेळत होता, लुटनचा, डोक्यावर काळा पटका, म्हणजे आमच्यासारख्या घरातलाच मुलगा. त्याने सचिनला एलबीडब्ल्यू केलं, त्याची पहिलीच विकेट. मी उडी मारली. मी विचार केला नाही, मी १४ वर्षांचा होतो, माझ्यासारखा दिसणारा मुलगा इंग्लंडच्या कपड्यात धावत होता आणि सगळी टीम त्याला मिठी मारत होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला आनंद झाला?" एवढंच. ओरडले नाहीत. पण मी त्यानंतर घरी बाबांबरोबर कधी मॅच बघितली नाही, बरीच वर्षं.

म्हणून मी सांगतो, मुलीला "तू दोन्ही आहेस" हे नुसतं सांगून उपयोग नाही. मला सगळे सांगायचे दोन्ही आहेस, दोन्ही आहेस, पण दोन्हीकडे परीक्षा मलाच द्यायला लागायची आणि दोन्हीकडे नापास व्हायची भीती मलाच. मला जे हवं होतं ते म्हणजे कोणीतरी मोठ्या माणसाने परीक्षा घेणाऱ्याला थांबवावं. माझ्या बाबांनी शाळेत जाऊन एकदा जरी म्हटलं असतं की हा इथलाच आहे, त्याला असं विचारू नका, आणि घरी आजोबांना म्हटलं असतं की त्याला असं विचारू नका, तर मला पुरलं असतं. ताई तुम्ही त्या बाईंना भेटा. मुलीला उत्तर द्यायच्या आधी भेटा. तिने झेंडा फिरवून बघितला म्हणजे ती समजली की चूक तिच्याकडून झाली, आणि ती चूक दुरुस्त करत होती. तिला सांगा की चूक झालीच नव्हती.

---

आजी_मिरजेची

हॅरोच्या बाळा, तुझं वाचून मला फार वाईट वाटलं कारण मी तेच केलं होतं. माझा नातू टोरंटोला आहे. मी पण फोनवर त्याला शुभंकरोति म्हण, आपण कोण सांग, असं करायचे. वर्षभराने तो फोनवर यायचाच बंद झाला, सून म्हणायची झोपलाय, पण मागे आवाज ऐकू यायचा. मग माझ्या लेकाने मला सांगितलं, आई तू त्याची परीक्षा घेतेस. मी दोन दिवस रुसले होते खरं सांगते. नंतर मी त्याला विचारायला लागले की आज काय खाल्लंस, बर्फात कसा पडलास, ते हॉकी मला शिकव. आता तोच फोन करतो. मराठी मोडकं बोलतो, "आजी तू आली का" असं, मी दुरुस्त करत नाही. लिफीकाठी, तुझ्या सासऱ्यांना हे वाचायला दे. ते वाईट नाहीत गं, नात हातातून जाईल ह्याची भीती वाटत असते आम्हाला, ती कशी बोलायची ते येत नाही म्हणून आम्ही देशावर घालतो.

---

कोल्हापुरी_मास्तर

थोडं वेगळं सांगतो. मी मॉरिशसला दोन वर्षं होतो. तिथे मराठी माणसं १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली, कोकणातून, साताऱ्याकडून, मुंबईहून बोटीने. आता पाचवी-सहावी पिढी आहे. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात, गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, झाकरी नाचतात तेव्हा ढोलकीचा ठेका ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता कारण तो आपल्या गावाकडच्या जाखडीचाच ठेका आहे. पहिल्या महिन्यात मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना उत्साहाने विचारलं की महाराष्ट्रात परत यावंसं वाटतं का हो. ते थोडे गोंधळले, म्हणाले परत म्हणजे, मी तर मॉरिशियन आहे. आणि लगेच मला गणपतीला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे हे दोन्ही एका दमात होतं.

पण हेही सांगायला पाहिजे की हे फुकट झालेलं नाही. त्यांनी बैठका चालवल्या, भाषा शाळेत यावी म्हणून मागणी लावून धरली, गणपती घरातून रस्त्यावर आणला. पहिल्या-दुसऱ्या पिढीने काय सोसलं असेल ते सहाव्या पिढीला दिसत नाही. लिफीकाठी ताई, तुमची पिढी पहिली आहे, त्यामुळे अवघड वाटतंय ते अवघड आहे म्हणूनच. बसमधे मोठ्याने बोला हे मी इथे बसून सांगणार नाही, तिथली परिस्थिती तुम्हालाच माहीत, पण लेकीला हळू बोलण्याचं खरं कारण सांगा. नाहीतर तिला वाटेल की मराठी ही लपवायची गोष्ट आहे.

---

लिफीकाठी

सगळ्यांचे उत्तर द्यायला उशीर झाला, पण जाऊन आले म्हणून लिहितेय.

हॅरोच्या दादाचं वाचून दुसऱ्या दिवशीच बाईंची वेळ घेतली. नवराही आला. मी घरून पाठ करून गेले होते आणि तिथे सगळं विसरले, फक्त एवढं म्हटलं की ती इथे जन्मली, तिने तिच्या देशाचा झेंडा आणला होता. बाई आधी "मला तिचं कल्चर सेलिब्रेट करायचं होतं" असं म्हणाल्या, मग मी झेंडा फिरवल्याचं आणि गोल काढल्याचं सांगितलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या. डोळे भरले त्यांचे. त्या स्वतः लहानपणी इंग्लंडमधे वाढलेल्या, आई-बाप इथल्या मेयो भागातले, तिथे त्यांना आयरिश म्हणून चिडवायचे आणि उन्हाळ्यात आजीकडे आल्या की इथली मुलं इंग्लिश म्हणून चिडवायची. मला हे माहीतच नव्हतं. तरी त्यांच्या हातून हे झालं, आणि त्यांनी ते मान्य केलं. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं, सगळ्यांसमोर नको हे मीच सांगितलं होतं. कम्युनियनच्या वेळी मागे बसणाऱ्या चौघांसाठी काय करता येईल ते त्या मुख्याध्यापकांशी बोलणार आहेत, बघू काय होतं, त्याचं मला फार काही आश्वासन मिळालेलं नाही.

लेकीला मी सांगितलं की तुझा झेंडा पहिल्यांदाच बरोबर होता, फिरवायची गरज नव्हती. ती म्हणाली मग गोल खोडू का? मी म्हटलं तुला हवा तर ठेव. तिने ठेवलाय, पण कागद परत उभा करून फ्रिजवर लावलाय. बसमधलंही सांगितलं, की काही लोक वाईट वागले म्हणून आई घाबरली होती, मराठीत काही चूक नाही. परवा बसमधे तीच माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होती. माझ्या पोटात गोळा आला, पण मी तिला गप्प केलं नाही.

आजी, सासऱ्यांना तुमचं पत्रच वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. ह्या रविवारी "आपण कोण" झालं नाही. त्यांनी विचारलं शाळेत काय शिकलीस, तर हिने त्यांना आयरिश भाषेतलं "स्लॉन" शिकवलं, म्हणजे येते हं, निघते. मग ती कमोगीची काठी घेऊन आली, हॉकीसारखी असते पण चेंडू हवेत मारतात, आणि हॉलमधेच दाखवायला लागली. सासरे म्हणाले अरे हा तर विटीदांडू, मी गावात पहिला होतो ह्यात. अर्धा तास ते दोघं काठी कशी धरायची ह्यावर वाद घालत होते, फोन ठेवताना त्यांनी स्वतःहून "स्लॉन" म्हटलं.

पासपोर्टचा फॉर्म नवऱ्याने भरलाय, माझा अजून टेबलावर आहे. कॉर्कचे जोशीकाका, सरेंडर सर्टिफिकेटसाठी जुना रद्द झालेला पासपोर्टही लागतो का, की फक्त चालू? तेवढं सांगा प्लीज.